पाकिटावरचा शिक्का आणि आतला आकडा : पिंपरी-चिंचवड ते चाकण, तपासणीची सत्तर वर्षे

पिंपरी-चिंचवड आणि चाकण या पट्ट्याचा इतिहास सांगताना आपण साधारणपणे इथे काय काय बनले याची यादी करतो. पेनिसिलिन, स्कूटर, ट्रक, रिक्षा, मोटारी आणि या सगळ्यांना लागणारे हजारो सुटे भाग. पण बनलेली वस्तू खरोखर जशी हवी तशीच बनली आहे, हे कोणी आणि कसे ठरवले, याचा इतिहास फारसा लिहिला जात नाही. कारखान्याच्या गौरवग्रंथात पहिल्या गाडीला हार घातल्याचा फोटो असतो. त्या गाडीचा बोअर ज्या गेजने तपासला त्या गेजचा फोटो नसतो. माझ्या मते या पट्ट्याची खरी कमाई त्या गेजमध्ये आहे.

या इतिहासाचे सर्वांत अलीकडचे पान संगणकाच्या पडद्यावर लिहिले जात आहे. त्या पानाचे नाव जरा बोजड आहे : एपीआयच्या लोड टेस्टिंगमध्ये जेसन उत्तरातील मूल्ये काढून घेणे आणि तपासणे. नाव वाचून वाचकाने पान उलटू नये. यातला प्रश्न भोसरीच्या कोणत्याही वर्कशॉपमधल्या माणसाला चांगला ठाऊक आहे. माल आला, पाकिटावर 'ओके'चा शिक्का आहे. आत काय आहे, ते कोणी पाहिले?

गेजची दोन टोके

१९५४ मध्ये पिंपरीला हिंदुस्तान अँटिबायोटिक्सची स्थापना झाली आणि त्यानंतर इथे पेनिसिलिन तयार होऊ लागले. या पट्ट्यातल्या औद्योगिक तपासणीचा आरंभ लोखंडापासून नव्हे, तर औषधापासून झाला, ही गोष्ट लक्षात घेण्यासारखी आहे. औषधाच्या कुपीवर कितीही सुबक चिठ्ठी लावली तरी आतल्या औषधाची ताकद चिठ्ठीवरून कळत नाही. ती तपासण्याची त्या काळची प्रस्थापित पद्धत अशी : काचेच्या थाळीत जंतू वाढवायचे, त्यावर औषधाचा नमुना ठेवायचा आणि जंतू मेल्यामुळे उमटलेल्या स्वच्छ वर्तुळाचा व्यास मोजायचा. व्यासावरून ताकद ठरते. थोडक्यात, पात्राबद्दल बोलायचे नाही, आतल्या वस्तूकडून उत्तर काढून घ्यायचे आणि ते मोजायचे.

साठीच्या दशकात यंत्रकामाचे कारखाने आले. १९६२ मध्ये महाराष्ट्र औद्योगिक विकास महामंडळ स्थापन झाले. आकुर्डीला बजाजच्या स्कूटर बनू लागल्या. टेल्कोचा पुणे प्रकल्प १९६६ मध्ये सुरू झाला आणि इथून पहिले व्यावसायिक वाहन बाहेर पडले १९७७ मध्ये. सुमंत मूळगावकरांच्या नेतृत्वाखालच्या त्या प्रकल्पात मधल्या काळातला मोठा भर हत्यारे, साचे आणि ती वापरणारी माणसे घडवण्यावर होता. आधी मोजता आले पाहिजे, मग बनवता येते, हा तो क्रम.

या कारखान्यांतून आणि त्यांच्याभोवती उगवलेल्या लघुउद्योगांतून एक साधे हत्यार घरोघरी पोहोचले : गो–नो गो गेज. त्याची दोन टोके असतात. एक टोक भोकात गेलेच पाहिजे. दुसरे टोक जाता कामा नये. लेस्टरच्या विल्यम टेलरने १९०५ मध्ये यामागचे तत्त्व मांडले. 'गो' टोकाने भागाचा सगळा आकार एकदम तपासावा. 'नो गो' टोकाने एकेक माप वेगवेगळे तपासावे. कारण भाग नापास व्हायला एकच माप चुकलेले पुरते.

पहिले टोक गेले म्हणून हेल्परने भाग पुढे ढकलला, तर मोठे झालेले भोकही पास होते. दोन्ही टोके लावल्याशिवाय तपासणी झाली असे धरत नाहीत. संगणकाच्या जगाने हे दुसरे टोक बराच काळ वापरलेच नाही. ते पुढे पाहू.

नाक्यावरची ताडपत्री

वस्तूबरोबर कागदही चालत असतो. उत्पादनशुल्काच्या जमान्यात माल कारखान्याबाहेर काढायचा तर विहित नमुन्यातला गेटपास लागे. १९८६ मध्ये मॉडव्हॅट आला आणि त्या कागदाला पैशाची किंमत आली, कारण त्याच्या आधारावर पुढचा कारखाना भरलेल्या कराची वजावट घेऊ लागला. १ एप्रिल १९९४ पासून गेटपासची जागा बिलाने घेतली.

दुसरा कागद जकातीचा. पिंपरी-चिंचवड ही १९७० मध्ये नगरपालिका आणि १९८२ मध्ये महानगरपालिका झाली. तिच्या श्रीमंतीचा पाया जकात हा होता. ज्यांनी ते नाके पाहिले आहेत त्यांना तिथली रांग आठवत असेल. नाक्यावरच्या कारकुनापुढे दोन मार्ग असत. कागद पाहून गाडी सोडायची, किंवा ताडपत्री सोडायला लावून माल कागदाशी ताडून पाहायचा. पहिला मार्ग पत्करला तर रांग सरकते, पण कागदावर 'लोखंडी भाग' आणि ताडपत्रीखाली भलतेच काही, हे कळत नाही. दुसरा मार्ग पत्करला तर खरे काय ते कळते, पण मागे रांग वाढते. १ एप्रिल २०१३ रोजी जकातीची जागा स्थानिक संस्था कराने घेतली, १ जुलै २०१७ रोजी जीएसटी आला आणि नाके इतिहासजमा झाले. कारकुनापुढचा पेच मात्र इतिहासजमा झाला नाही.

रांगेचे गणितही तोवर जुने झाले होते. कोपनहेगनच्या टेलिफोन कंपनीत काम करणाऱ्या एर्लांगने १९०९ मध्ये फोन कॉल कसे येतात याचा गणिती विचार मांडला. १९६१ मध्ये जॉन लिटलने एका अतिशय सोप्या नियमाची सिद्धता दिली : रांगेत सरासरी किती जण असतात, तर येण्याचा वेग गुणिले प्रत्येकाला लागणारा वेळ. एखाद्या कारखान्याच्या गेटवर तासाला ३० गाड्या येत असतील आणि प्रत्येकीला ६ मिनिटे लागत असतील, तर गेटपाशी सरासरी ३ गाड्या उभ्या दिसतील. तोच वेळ २० मिनिटे झाला की १० गाड्या. चाकणच्या तळेगाव चौकात अडकलेल्या माणसाला हे गणित कागदावर करावे लागत नाही.

पाकीट, पत्ता आणि मूल्य

आता संगणकाकडे वळू. एपीआय म्हणजे दोन सॉफ्टवेअरांमधली व्यवहाराची खिडकी. एकाने ठरलेल्या नमुन्यात अर्ज सरकवायचा, दुसऱ्याने ठरलेल्या नमुन्यात उत्तर परत द्यायचे. उत्तराला दोन अंगे असतात. बाहेर पाकीट, त्यावर तीन अंकी शिक्का : २०० म्हणजे व्यवहार ठीक, ४०४ म्हणजे पत्ता सापडला नाही, ५०० म्हणजे सर्व्हरच्या आत गडबड. आणि आत मजकूर.

हा मजकूर आज बहुतेक ठिकाणी जेसन या पद्धतीने लिहितात. नाव आणि मूल्य यांच्या जोड्या, कप्प्यात कप्पा. बिल क्रमांक अमुक, तारीख तमुक, मालाच्या यादीत पहिली वस्तू ही, तिची संख्या इतकी. अमेरिकेतल्या डग्लस क्रॉकफर्डने २००१ च्या सुमारास ही पद्धत वापरात आणली आणि २००२ मध्ये तिचे नियम एका संकेतस्थळावर ठेवले. २००६ मध्ये तिचे पहिले औपचारिक टिपण निघाले. त्याआधी एक्सएमएलचे राज्य होते. एक्सएमएलमध्ये नेमके मूल्य कुठे आहे हे सांगण्यासाठी एक्सपाथ ही पत्ता लिहिण्याची भाषा १९९९ पासून होती. जेसनसाठी तशी भाषा श्टेफान गेस्नर या जर्मन अभियंत्याने २००७ मध्ये सुचवली आणि तिला जेसनपाथ म्हटले. मुळापासून निघा, 'डेटा' नावाच्या कप्प्यात शिरा, तिथे 'बिल' नावाचा कप्पा आहे, त्यातला क्रमांक आणा, अशा स्वरूपाचा तो पत्ता असतो. या भाषेला इंटरनेटच्या मानकाचा दर्जा मिळायला २०२४ चा फेब्रुवारी उजाडला. मधली सतरा वर्षे वेगवेगळी साधने तोच पत्ता थोडा वेगवेगळा वाचत होती. एकाच मापाची दोन गेजे जुळत नसतील तर वर्कशॉपमध्ये जे होते, तेच इथे होत होते.

भार टाकून पाहण्याची साधनेही याच काळातली. १९९८ मध्ये इटलीच्या स्तेफानो माझ्झोक्कीने अपाचे प्रकल्पातल्या एका सर्व्हरची क्षमता मोजण्यासाठी जेमीटर लिहिले. ते मुक्त आणि फुकट असल्यामुळे हिंजवडीपासून जगभर पसरले. जेमीटर हजारो खोटे ग्राहक तयार करते, ते एकाच वेळी खिडकीवर धडकतात आणि प्रत्येकाला उत्तर मिळायला किती वेळ लागला याची नोंद होते. जेसनमधले मूल्य उचलणारा खास घटक त्यात २०१६ च्या तिसऱ्या आवृत्तीत आला आणि मूल्य तपासणारा खास घटक २०१८ च्या चौथ्या आवृत्तीत. त्याआधी लोक अक्षरांच्या नमुन्यांवरून शोधाशोध करत किंवा बाहेरचे जोडकाम वापरत. कित्येक ठिकाणी तर फक्त पाकिटावरचा २०० चा शिक्का पाहून उत्तर पास केले जाई. म्हणजे गेजचे एकच टोक.

बिलाचे उत्तर आले, पण काय आले?

या सगळ्याचा चाकणशी संबंध कुठे येतो? गेटवर येतो. १९९९ मध्ये बजाजचा कारखाना चाकणला आला. २००९ मध्ये फोक्सवॅगन आणि मर्सिडीज-बेंझ, २०१० मध्ये महिंद्र. या कारखान्यांना भाग पुरवणारे शेकडो उद्योग चाकण, भोसरी, तळवडे, चिखली भागात आहेत. मोठ्या कारखान्यात भागांचा साठा कमीत कमी ठेवण्याची पद्धत असल्याने गाडी वेळेवर आत गेली पाहिजे. आत जायची तर कागद हवा. आणि आता तो कागद एपीआयमधून येतो.

१ फेब्रुवारी २०१८ ही तारीख वाहतूकदारांच्या लक्षात असेल. त्या दिवशी देशभर ई-वे बिल सक्तीचे व्हायचे होते. पहिल्याच दिवशी यंत्रणा भाराखाली कोलमडली आणि त्याच दिवशी सक्ती पुढे ढकलावी लागली. मग १ एप्रिल २०१८ पासून आंतरराज्य वाहतुकीसाठी आणि महाराष्ट्रांतर्गत वाहतुकीसाठी २५ मे २०१८ पासून, असे टप्प्याटप्प्याने ते लागू झाले. तेव्हापासून 'लोड' हा शब्द डिस्पॅचच्या कारकुनालाही कळू लागला.

पुढची पायरी ई-इन्व्हॉइस. १ ऑक्टोबर २०२० पासून ५०० कोटींपेक्षा अधिक उलाढाल असलेल्यांना ते सक्तीचे झाले. मग मर्यादा खाली येत गेली : १ जानेवारी २०२१ पासून १०० कोटी, १ एप्रिल २०२१ पासून ५० कोटी, १ एप्रिल २०२२ पासून २० कोटी, १ ऑक्टोबर २०२२ पासून १० कोटी आणि १ ऑगस्ट २०२३ पासून ५ कोटी. पहिल्या टप्प्यात वाहन कंपन्या आल्या. शेवटच्या टप्प्यात भोसरीचा सीएनसी यंत्रे चालवणारा लघुउद्योजक आला.

व्यवहार असा होतो. उद्योजकाचे सॉफ्टवेअर बिलाची माहिती जेसनमध्ये नोंदणी पोर्टलला पाठवते. पोर्टल ती तपासते आणि जेसनमध्येच उत्तर देते. त्यात ६४ अक्षरी आयआरएन हा बिलाचा एकमेव क्रमांक, पोच क्रमांक, पोचेची तारीख-वेळ, पोर्टलची डिजिटल सही असलेले बिल आणि क्यूआर कोड असतो. आयआरएन नसलेले बिल हे नियमानुसार बिलच नव्हे. खरेदीदाराला त्यावर कराची वजावट मिळत नाही, म्हणून खरेदीदाराचा गेटही ते स्वीकारत नाही.

यातली मेख अशी की नोंदणी झाली नाही, तरी पाकिटावरचा शिक्का २०० चा असू शकतो. पोर्टलने अर्ज घेतला, वाचला, नाकारला आणि नकार व्यवस्थित पाकिटात घालून पाठवला. पाकिटाचा प्रवास सुखरूप झाला, एवढेच २०० सांगते. आत 'स्टेटस' नावाच्या जागी १ आहे की ०, हे उघडून पाहिल्याशिवाय कळत नाही. शून्य असेल तर सोबत चुकीचा क्रमांक असतो. उदाहरणार्थ २१५०, म्हणजे याच बिलाची नोंदणी आधीच झाली आहे.

भाराखाली खोटे बोलणारी सरासरी

एकेक बिल पाठवून पाहताना हा फरक लगेच ध्यानात येतो. महिनाअखेरीला शेकडो बिले एकदम निघतात तेव्हा काय होईल, हे पाहायला लोड टेस्ट करतात. ती सरकारी पोर्टलवर करायची नसते. आपल्याच मधल्या सॉफ्टवेअरवर करायची आणि पलीकडे पोर्टलसारखे उत्तर देणारा नकली सर्व्हर उभा करायचा. इथे आतले मूल्य न तपासणाऱ्याची कशी फसगत होते, ते एका कल्पित हिशेबाने पाहू.

समजा १,००० बिले पाठवली. निरोगी यंत्रणेत प्रत्येक बिलाला २ सेकंद लागतात. भाराखाली यंत्रणा अर्धवट मोडली; ६०० बिले २ सेकंदांत नीट झाली आणि ४०० बिलांना ०.१ सेकंदात नकार मिळाला, कारण नकार द्यायला काम करावे लागत नाही. सरासरी किती? ६०० गुणिले २ म्हणजे १,२००. ४०० गुणिले ०.१ म्हणजे ४०. एकूण १,२४० सेकंद भागिले १,००० म्हणजे १.२४ सेकंद. शिक्का तर सगळ्यांवर २०० चा. अहवालात लिहिले जाते : चुका शून्य, सरासरी वेळ २ वरून १.२४ सेकंदांवर आला. यंत्रणा मोडली आणि अहवाल म्हणतो सुधारली. जकात नाक्यावर ताडपत्री न सोडता गाड्या सोडल्या की रांग झपाट्याने सरकते, तसेच हे.

म्हणून प्रत्येक उत्तरातून 'स्टेटस' काढायचे आणि ते १ नसेल तर ते उत्तर नापास धरायचे. हे गेजचे पहिले टोक. दुसरे टोक : ज्या गोष्टी उत्तरात असता कामा नयेत, त्या नाहीत ना हे पाहायचे. आयआरएनची जागा आहे पण रिकामी, चुकांची यादी आहे आणि तिच्यात नोंदी आहेत, अशी उत्तरे पहिल्या टोकातून निसटू शकतात. इथे टेलरचे तत्त्व जसेच्या तसे लागू पडते. एकूण आकार एकदम तपासा, दोष मात्र एकेक करून शोधा.

भाराखालचा सर्वांत घातक दोष आणखी वेगळा असतो. दोन अर्ज एकाच क्षणी आले आणि मधल्या सॉफ्टवेअरने दोघांसाठी एकच तात्पुरती जागा वापरली, तर एकाचे उत्तर दुसऱ्याच्या पाकिटात जाते. उत्तर खरे, सही खरी, आयआरएन ६४ अक्षरी, स्टेटस १. फक्त ते आपल्या बिलाचे नाही. अशा वेळी आकार तपासून भागत नाही. पाठवलेले आणि आलेले ताडून पाहावे लागते. सोय अशी की आयआरएन हा यादृच्छिक आकडा नाही. पुरवठादाराचा जीएसटी क्रमांक, आर्थिक वर्ष, दस्तऐवजाचा प्रकार आणि दस्तऐवज क्रमांक यांच्यापासून ठरलेल्या गणिताने तो निघतो. म्हणजे तपासणाऱ्याला तो स्वतः काढता येतो आणि आलेल्याशी अक्षरन् अक्षर जुळवता येतो. वर्कशॉपच्या भाषेत हा मास्टर पीस झाला. त्यासाठी नकली सर्व्हरनेही आयआरएन त्याच गणिताने काढला पाहिजे. प्रत्येक बिलाला एकच ठरावीक उत्तर देणारा नकली सर्व्हर असेल तर ही अदलाबदल कधीच उघड होणार नाही.

मूल्य काढण्यातले खाचखळगे

मूल्य काढून घेण्याचा दुसरा उपयोग पुढच्या अर्जासाठी होतो. आधी प्रवेशाचे टोकन मिळवायचे, ते घेऊन बिल नोंदवायचे, मिळालेला आयआरएन घेऊन ई-वे बिल काढायचे. साखळीतला प्रत्येक दुवा आधीच्या उत्तरातून उचललेल्या मूल्यावर उभा असतो. जेमीटरमध्ये मूल्य सापडले नाही तर काय धरायचे, हे सांगायची एक जागा असते. ती रिकामी सोडली की पुढचा अर्ज अर्धवट जातो, नकार झटपट येतो आणि मूळ चूक तीन पावले मागे दडून राहते. तिथे 'सापडले नाही' असा ठळक शब्द लिहून ठेवणे हा साधा उपाय. तो शब्द पुढच्या अर्जात दिसला की साखळी कुठे तुटली ते लगेच कळते. एकाच पत्त्यावर अनेक मूल्ये सापडली तर कितवे घ्यायचे, हेही सांगावे लागते. तिथे शून्य लिहिले तर जेमीटर त्यांतले कोणतेही एक उचलते. पाच वस्तूंच्या बिलात मग आज पहिल्या वस्तूची तपासणी होते आणि उद्या चौथीची.

आकड्यांचेही स्वभाव असतात. जेसनमध्ये अवतरणचिन्हांत लिहिलेला ४५१२ हा मजकूर आहे आणि चिन्हांविना लिहिलेला ४५१२ ही संख्या आहे. संख्येच्या आधी शून्य लिहिण्याची परवानगीच नाही. पार्ट नंबर ००४५१२ असेल आणि कोणी तो संख्या म्हणून पाठवला, तर पलीकडे ४५१२ पोहोचतो आणि तो भाग भांडारात सापडत नाही. मोठ्या संख्यांचा घोळ याहून सूक्ष्म. जावास्क्रिप्टसारख्या भाषा पूर्ण संख्या ९००७१९९२५४७४०९९१ पर्यंतच बिनचूक सांभाळतात. २०१० मध्ये ट्विटरच्या संदेशांचे क्रमांक या मर्यादेपलीकडे जाऊ लागले, तेव्हा कंपनीला प्रत्येक क्रमांक संख्या आणि मजकूर अशा दोन्ही रूपांत द्यावा लागला. ई-इन्व्हॉइसचा पोच क्रमांक पंधरा अंकी, म्हणजे कुंपणाच्या आत. पण प्रत्येक क्रमांकाचे नशीब तसे नसते.

तारखांचेही तसेच. आपण पाठवलेल्या बिलात दिवस-महिना-वर्ष असा क्रम. पोचेच्या वेळेत वर्ष-महिना-दिवस. रकमांचे आणखी वेगळे : करांची गोळाबेरीज करताना पैशांचा फरक पडतोच, म्हणून पोर्टलही एकूण रकमेत एका रुपयाचा फरक चालवून घेते. रकमा तंतोतंत जुळवण्याचा हट्ट धरणारी चाचणी चांगली बिले नापास करते. फरक पाहतच नाही ती वाईट बिले पास करते. याला भोसरीत टॉलरन्स म्हणतात आणि तो ड्रॉइंगवर लिहिलेला असतो. सॉफ्टवेअरच्या चाचणीतही तो कोणीतरी आधी लिहून ठेवला पाहिजे.

किती तपासावे?

मग प्रत्येक उत्तराची प्रत्येक जागा का तपासू नये? कारण तपासणीलाही किंमत आहे. जेमीटर ज्या संगणकावर चालते तोच उत्तरे उघडत बसला तर त्याची दमछाक होते आणि मोजलेला वेळ सर्व्हरचा की मोजणाऱ्याचा, हे कळेनासे होते. जेमीटरचे माहितीपुस्तकच तपासण्या कमीत कमी ठेवा असा सल्ला देते. नाक्यावरच्या कारकुनाचा पेच तो हाच.

कारखान्यांनी या पेचावर नमुना-तपासणीचे उत्तर शोधले. वॉल्टर शूहार्टने १९२४ मध्ये अमेरिकेत नियंत्रण-आलेख मांडला. १९४७-४८ च्या हिवाळ्यात महालनोबीस यांच्या निमंत्रणावरून तो भारतात येऊन गेला आणि संख्याशास्त्रीय गुणवत्ता-नियंत्रणाला इथे गती मिळाली. लॉटमधून काही भाग उचला, मोजा, आलेखावर मांडा. पण ही युक्ती सॉफ्टवेअरला लावताना एक फरक ध्यानात ठेवावा लागतो. लेथवरचे हत्यार हळूहळू झिजते, म्हणून तासातासाच्या नमुन्यातून कल दिसतो. सॉफ्टवेअर झिजत नाही. ते भाराच्या शिखरावर एकदम मोडते आणि भार ओसरला की पुन्हा शहाण्यासारखे वागते. शांत वेळी उचललेला नमुना शिखराबद्दल काहीच सांगत नाही. म्हणून स्वस्त तपासणी, म्हणजे स्टेटस आणि बिल क्रमांकाची जुळणी, प्रत्येक उत्तराची करावी. महाग तपासणी, म्हणजे सही केलेले बिल उलगडून प्रत्येक रक्कम ताडणे, नमुन्यावर करावी आणि तो नमुना मुद्दाम शिखरावर घ्यावा.

शिक्का कोणाच्या हातात

या पट्ट्याच्या इतिहासातून आणखी एक धडा मिळतो आणि तो यंत्राचा नाही, माणसांचा आहे. कारखान्यात तपासनीस उत्पादन-विभागाच्या हाताखाली असावा की नसावा, हा जुना वाद आहे. महिनाअखेरीला आकडा गाठायचा असतो आणि शिक्का त्याच्याच हातात असतो. जिथे तपासनीसाला 'नापास' म्हणण्याचे बळ दिले गेले, तिथे गुणवत्ता टिकली. आजचा चाचणी-अभियंता हा त्या तपासनीसाचा वारस आहे. सोडण्याची तारीख जवळ आली की त्याच्याकडून हिरवा आलेख अपेक्षित असतो आणि २०० मोजले तर आलेख हिरवाच येतो.

पण नेमके काय तपासायचे, हे त्या अभियंत्याला एकट्याला ठाऊक असण्याचे कारण नाही. आयआरएन चुकला तर गाडी गेटवर परत फिरते, पार्ट नंबरचे शून्य गळले तर जीआरएन होत नाही आणि जीआरएन झाला नाही तर पैसे अडकतात, हे डिस्पॅचच्या कारकुनाला आणि हिशेबनिसाला ठाऊक असते. हिंजवडीच्या संगणकासमोर बसलेला आणि चाकणच्या गेटवर उभा असलेला, या दोघांनी एकत्र बसून दहा ओळींचा कागद करावा : कोणते मूल्य, कोणत्या पत्त्यावर, किती फरक चालेल, काय असता कामा नये. त्या कागदाला आपल्याकडे फार जुने नाव आहे. त्याला इन्स्पेक्शन शीट म्हणतात आणि भोसरीत ते प्रत्येक यंत्राशेजारी टांगलेले असते.

मोठ्या कंपनीची यंत्रणा तासभर चुकली तर ती तो तास भरून काढते. पाच कोटींच्या वर नुकत्याच गेलेल्या लघुउद्योजकाची एकच गाडी असते, तिच्यात त्या दिवसाचा सगळा माल असतो आणि तिच्या बिलावर पुढच्या पगाराचा हिशेब असतो. त्याच्या पडद्यावर 'यशस्वी' असे हिरव्या अक्षरांत उमटते तेव्हा त्या शब्दामागे कोणीतरी पाकीट उघडून पाहिलेले असावे, एवढीच त्याची अपेक्षा आहे. सत्तर वर्षे गेज हातात धरलेल्या या पट्ट्याकडून ती फार मोठी नाही.